झोळीच्या हुकावरची बिअर

माझ्या बाळंतपणाला माझे वडील, अण्णा, आले होते. आई नव्हती, म्हणून ते आले. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण ज्याला सांगावं तो जरा वेळ गप्प व्हायचा. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एक वहिनी तेवढ्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी फोनवर सरळच विचारलं, "अगं, बाळंतपणाला वडील? मग शेकशेगडी कोण करणार? तेल कोण लावणार?"

मी म्हटलं, "वहिनी, इथं शेगडी पेटवली तर फायर अलार्म वाजतो. तेल मी लावीन."

"स्वतःच स्वतःला?"

"हात पोचेल तिथपर्यंत."

त्या वेळी आम्ही कॅनडात, किचनर शहरात, भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहायचो. आम्ही म्हणजे आठवडाभर मी एकटीच. नवऱ्याचं काम लंडनच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरची सिस्टिम बसवायचं होतं. तो शुक्रवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. हे लंडन ऑन्टॅरिओतलं, गाडीने तासाभरावरचं, पण बर्फात रोजची ये-जा जमत नव्हती. अण्णांनी मात्र गावाकडे "जावईबापू लंडनला असतात" एवढंच सांगून ठेवलं होतं आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

अण्णा ऐन थंडीत आले. बॅगेत आईचं एक मऊ पडलेलं लुगडं, बारशाला नेसायला स्वतःचं कोरं धोतर, आत्याने बांधून दिलेले डिंकाचे लाडू आणि एक गोधडी. लुगडं बाळाच्या झोळीसाठी होतं. पाळणा, क्रिब असलं काही त्यांना मान्य नव्हतं. "मूल झोळीतच निजतं," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानात येऊन त्यांनी एक जाडजूड लोखंडी हुक निवडला. आमचं बेसमेंट अर्धवट होतं. भिंती सिमेंटच्या, वर लाकडी तुळया उघड्या, आणि छताला लागून एक आडवी खिडकी. बाहेर बर्फ साचला की त्या खिडकीतून दुधासारखा उजेड आत यायचा. त्या उजेडात अण्णांनी स्टुलावर चढून तुळईला हुक ठोकला, मग त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं.

"पोरगं तर सोडच," ते म्हणाले, "तू बसलीस तरी निघायचा न्हाई."

मी तेव्हा चांगलीच जड झाले होते. दोघंही हसलो.

झालं, तिथे त्यांचं काम संपलं. स्वयंपाकात त्यांना चहा आणि भात, एवढंच येत होतं. टीव्ही कळत नव्हता. दिवसभर ते पुढच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी गेली की सांगायचे, "इकडचा तिकडं केला." संध्याकाळपर्यंत तेवढाच बर्फ पुन्हा पडायचा. मग म्हणायचे, "आता तिकडचा इकडं करील. याचं काम बरं हाय."

एके दिवशी दुपारी ते खिडकीतून नजर न काढता म्हणाले, "मला परत पाठव, माय."

"काय झालं?"

"काय न्हाई झालं. मी हितं काय करू लागलो? बाळंतपणाला बाईमाणूस लागतं. मी काय करणार, तुपल्याजवळ बसून? उलट तूच मला जेवण वाढू लागली."

"मग वाढते की."

"त्येच म्हणू लागलो. तिकीट बदल."

मी हट्टी आहे, रडायचा मला कंटाळा आहे. मी म्हटलं, "बरं, सांगते यांना." रात्री फोनवर नवऱ्याला सांगितलं. त्याने एजंटशी बोलून महिनाअखेरीची जागा मिळते का ते पाहायचं कबूल केलं. पण मला अण्णा हवे होते, हे मी दोघांपैकी कुणालाच सांगितलं नाही. काम करायला ते मला नको होते. घरात कुणीतरी खोकणारं, पायऱ्यांवर पाय वाजवणारं, माझ्या आईला ओळखणारं माणूस मला त्या दिवसांत हवं होतं. ते एकच माणूस जगात उरलं होतं आणि त्याला जायचं होतं.

*

अण्णांनी सगळी नोकरी औरंगाबादच्या एमआयडीसीत, एका बिअरच्या कारखान्यात काढली. बाजारातून परत आलेल्या बाटल्या तिथे गरम सोड्याने धुवून पुन्हा भरायला जायच्या. धुतलेल्या बाटल्यांच्या रांगेमागे एक पांढरी उजेडाची पाटी असायची. अण्णा त्या पाटीसमोर बसायचे. बाटल्या सरकत जायच्या आणि ते पाहायचे. तडा, डाग, आत अडकलेली काडी, काहीही दिसलं की बाटली बाहेर. थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलायचा, कारण एकसारखं पाहत राहिलं की डोळ्यांना काहीच दिसेनासं होतं. घरीसुद्धा पाणी प्यायच्या आधी ते पेला उजेडात धरायचे. मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं करतात.

ते दारू पीत नव्हते. पण शर्टाला वास यायचा, उकडलेल्या धान्यासारखा, गोडसर आणि जरासा आंबूस. बसमध्ये माणसं तोंड फिरवायची. आमच्या गल्लीत ते "दारूवाले"च होते. त्यांनी कधी कुणाला खुलासा दिला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी जिथे जाते तिथे सांगते, कारण ते सांगण्यासारखंच आहे. त्यांनी बाटल्या पाहिल्या, मी इंजिनिअर झाले.

तर, तिकिटाचं बोलणं झालं त्याच आठवड्यात रिसायकलिंगचा, म्हणजे दारातून बाटल्या-कागद न्यायला गाडी येते तो दिवस आला. सकाळी मी खाली आले तर अण्णा खुर्चीत नव्हते. बाहेर पाहिलं तर माझ्या नवऱ्याचा मोठा कोट घालून ते शेजारच्या घरापुढे बर्फात उभे होते आणि तिथल्या निळ्या खोक्यातून एक-एक बाटली काढून आकाशाकडे धरून पाहत होते. दारात शेजारीण उभी होती. उंच, हाडाने रुंद, पांढऱ्या केसांची, एकटी राहणारी बाई. तिचे आजोबा-पणजोबा जर्मनीतून इकडे आले होते. माझी तिची ओळख 'हाय' आणि 'कोल्ड आज' एवढीच.

मी चपला घालून धावले. चपला घातल्यात हे बर्फात पाय गेल्यावर कळलं.

"अण्णा, काय करताय!"

"बघ तर खरं," अण्णा म्हणाले, "कशा बाटल्या हाईत. तारेचं झाकण हाय. चिनीमातीचं बूच. अशी बाटली फेकते का कुणी?" आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "गुड बॉटल. व्हेरी गुड बॉटल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, माझे वडील बाटल्यांच्या कामात होते, त्यांना राहवलं नाही, सॉरी. ती म्हणाली, त्या तिच्या नवऱ्याच्या होत्या. तो सफरचंदाची वाइन करायचा. तो जाऊन बराच काळ झाला, आता बेसमेंट रिकामं करतेय. मग म्हणाली, "खाली अजून दोन क्रेट आहेत. हवेत?"

मी भाषांतर करायच्या आत अण्णांनी मान हलवली होती.

पुढचे दोन दिवस अण्णा बेसमेंटमधल्या कपडे धुवायच्या खोल टबापाशी उभे होते. सोडा, गरम पाणी, लांब ब्रश. वर माझ्या पलंगापर्यंत काचेवर काच लागल्याचा आवाज यायचा. धुतलेली बाटली ते त्या आडव्या खिडकीसमोर धरायचे, बर्फाचा पांढरा उजेड तिच्यातून पाहायचे, सावकाश फिरवायचे. त्या उजेडात ते मला फार लांबचे दिसायचे, त्यांच्या पाटीसमोर बसलेले, माझ्या जन्माच्या आधीचे.

"आता यात भरायचं काय?" मी पायरीवर बसून विचारलं. "तेल भरू?"

"बाटली मुळात बिअरची हाय."

"मग बिअर कशी करतात ते सांगा."

ते हसले. "मला काय माहीत? ते तिकडं. टाक्यांकडं आम्हाला जायला मनाई होती. आमचं काम बाटलीचं. रिकामी बाटली यायची, रिकामी पुढं जायची."

"इतकी वर्षं, आणि कधीच पाहिलं नाही?"

"वास यायचा की."

मला ते सहन झालं नाही, खरं सांगते. आयुष्यभर ज्या गोष्टीचा वास अंगावर घेऊन, लोकांची बोलणी खाऊन माणूस घरी आला, ती गोष्ट त्याने होताना पाहिलीच नव्हती. मी म्हटलं, "आपण करू."

"हातभट्टी लावू लागली का काय तू!" त्यांनी पटकन वर जाऊन पुढचा पडदा ओढून घेतला. इथे घरच्यापुरती करायला परवानगी आहे, हे त्यांना पटवेपर्यंत जेवणाची वेळ झाली. तरी पडदा त्यांनी उघडला नाही.

शेवटी म्हणाले, "बरं. बाटल्या भरल्या की मग मी जातो."

"बरं," मी म्हटलं.

*

मी इंटरनेटवर वाचलं. लोकांनी हजार प्रकारची चकचकीत भांडी दाखवली होती, आणि काही शहाण्यांनी लिहिलं होतं की घरात आहे त्यात होतं. मला त्यांचंच पटलं. मंडळाच्या गणपतीला मसालेभात करायला घेतलेलं मोठं स्टीलचं पातेलं होतं. ग्रोसरीतल्या बेकरीत केकच्या क्रीमच्या रिकाम्या पांढऱ्या बादल्या मागितल्या तर देतात, ती एक आणली. माशांच्या टाकीला लावायची नळी, लोणच्याची रिकामी बरणी, पाक तपासायचं थर्मामीटर. आणि गोधडी.

बिअर ज्याची करतात ते जव नवऱ्याने लंडनहून येताना वाटेतल्या दुकानातून आणलं. मोड आणून वाळवलेलं, भाजकं जव. तोंडात टाकलं तर फुटाणा आणि बिस्किट यांच्या मधलं लागत होतं. अण्णांनी मूठभर हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"दुकानदार म्हणत होता, भरडून देऊ का," नवरा म्हणाला. "मी म्हटलं, काही गरज नाही. आमच्याकडे मिक्सर आहे."

त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि मलाही तो रास्त वाटला. पुण्याहून वजनाची काळजी करत आणलेला मिक्सर! सोमवारी तो कामावर गेला, आणि मी आणि अण्णांनी मिक्सरमधून ते सगळं जव काढलं. छान बारीक झालं. अण्णांनी चिमटीत घेऊन चोळलं. "भाकरीला एक नंबर हाय," ते म्हणाले.

गरम पाण्यात ते पीठ ढवळलं. पाणी उकळतं नको, हात लावला तर चटकन मागे यावा इतपत हवं. घरभर वास सुटला. झाकण ठेवलं, पातेलं गोधडीत गुंडाळलं, विरजणाला ऊब देतात तसं, आणि दोघंही दोन खुर्च्यांवर त्याच्याकडे पाहत बसलो. काचेवर वाफ धरली होती. बाहेर बर्फ पडत होता की थांबला होता ते कळत नव्हतं. पोटात बाळ हळूच वळलं.

तासाभराने गोधडी सोडली. आता दाणे खाली राहून गोड पाणी वेगळं निघायला हवं होतं. मी चाळणीत ओतलं, चाळणी भरली आणि थांबली. एक थेंब नाही. दुसरी चाळणी घेतली, तेच. पातेल्यात पाहिलं तर पिठलं. टरफलं राहिली असती तर त्यांच्यातून पाणी गाळलं गेलं असतं, पण आम्ही टरफलांचंसुद्धा पीठ केलं होतं. दाणा नुसता फोडायचा असतो, दळायचा नसतो. ज्या घरात धान्य म्हणजे भाकरी, त्या घराला हे सुचणार कसं?

माझी पाठ दुखत होती. मी म्हटलं, "जाऊ द्या. टाकून देऊ."

अण्णा पातेल्याकडे पाहत होते. मग ते त्यांच्या खोलीत गेले आणि ते कोरं धोतर घेऊन आले.

"अण्णा, ते बारशाचं आहे!"

"श्रीखंडाला चक्का कसा टांगतात?" ते म्हणाले. "तुझी आई टांगायची खुंटीला."

"इथं खुंटी कुठाय?"

ते जिन्याकडे चालायला लागले.

धोतराची चार पदरी घडी, त्यात ते सगळं पिठलं, वर घट्ट गाठ. पातेलं त्यांनी मला उचलू दिलं नाही. दोन खेपा करून सगळं खाली नेलं आणि ते ओलं, ऊन गाठोडं झोळीच्या हुकाला टांगलं. खाली बादली ठेवली. आधी काहीच झालं नाही. मग एक थेंब पडला. मग थेंबांची धार झाली, पिवळसर तपकिरी, जाड मधासारखी. खिडकीतला उजेड तिच्यावर पडला होता.

अण्णांनी गाठोड्याला हळूच एक हेलकावा दिला, धार मोकळी व्हावी म्हणून. मग आणखी एक. मग ते स्टुलावर बसले आणि एका हाताने, लक्ष नसल्यासारखे, झोका देत राहिले. वाफा निघणारं ते गाठोडं आईच्या लुगड्यासाठी ठोकलेल्या हुकावर इकडून तिकडे जात होतं. मी पायरीवर बसले होते. मला झोप येत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

"तुझ्या आईला हा वास आवडायचा," अण्णा म्हणाले.

मी डोळे उघडले.

"कुणाला सांगायची न्हाई. लोक काय म्हणतील. तुझ्या वेळी तिला डोहाळेच लागले होते याचे. पोरींना चिंच लागते, कैरी लागते. ही मपला कारखान्याचा शर्ट घेऊन बसायची. धुवायचीच न्हाई. मी म्हणायचो, अगं लोक मला बेवडा म्हणतात. ती म्हणायची, म्हणू द्या."

धार पुन्हा थेंबांवर आली होती. त्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी पिळलं.

"मी कधी सांगितलं न्हाई तुला," ते म्हणाले. "असलं काय सांगायचं पोरीला."

मग ते गोड पाणी आम्ही वर नेऊन उकळलं. जवाबरोबरच आणलेल्या हॉप्सच्या, म्हणजे बिअर कडू करणाऱ्या फुलांच्या, हिरव्या गोळ्या टाकल्या तर निंबाच्या पाल्यासारखा कडू वास सगळ्यावर चढला. गार करायला अण्णांनी पातेलं मागच्या दारी बर्फात खुपसून ठेवलं. पांढऱ्या अंगणात त्या एका खड्ड्यातून वाफेचा खांब सरळ वर जात होता. शेजारीण तिच्या खिडकीतून पाहत होती. अण्णांनी तिला हात केला. तिनेही केला.

यीस्ट टाकून बादली बेसमेंटमध्ये ठेवली, झाकणातून नळी काढली आणि नळीचं तोंड लोणच्याच्या बरणीतल्या पाण्यात बुडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला हाक मारली, इतक्या जोरात की मी घाबरले. बरणीत बुडबुडे येत होते. बुड. बुड. एकामागून एक.

"जित्तं हाय ते!" अण्णा म्हणाले.

*

पुढचे दिवस माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळले आहेत. अण्णांनी खुर्ची पुढच्या खिडकीतून हलवली आणि बेसमेंटमध्ये बरणीसमोर ठेवली. मीही दुपारी तिथेच येऊन पडायची, जुन्या सोफ्यावर. कधी बुडबुडे जोरात, कधी सावकाश. बाळाच्या उचक्या आणि बरणीतले बुडबुडे यांचा ताल कधी कधी जुळायचा. अण्णा बोलायचे. आईबद्दल, शिफ्टबद्दल, उजेडाच्या पाटीसमोर बसून झोप आली की ते मनात माझे पाढे म्हणायचे त्याबद्दल. जावयाचा फोन आला की आधी बादलीची खबर सांगायचे, मग माझी.

नवरा एकदा म्हणाला, "जागा मिळतेय. बुक करू का?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बुडबुडे थांबू द्या, जावईबापू. बाटल्या भरतो आणि निघतो."

आणि बुडबुडे कमी व्हायला लागले. मिनिटाला एक. मग खूप वेळाने एक. माझे दिवस अजून भरले नव्हते. मी रोज सकाळी, अण्णा वर आंघोळीला गेले की, कपडे धुवायच्या निमित्ताने खाली उतरायची आणि बादलीच्या झाकणावर हाताने दाब द्यायची. आतली हवा बाहेर निघायची. बुड, बुड, बुड. अण्णा जिन्यावरून विचारायचे, "चालू हाय का?" मी म्हणायची, "चालू आहे."

"मग राहू दे अजून," ते म्हणायचे आणि चहा टाकायचे.

एका सकाळी झाकणावर हात ठेवला असतानाच मला कळ आली. जोरात. मी बादलीलाच धरून खाली बसले. अण्णा जिना उतरून आले, त्यांनी मला पाहिलं, आणि हा माणूस, ज्याला इथे काहीच काम नव्हतं, सरळ शेजारणीच्या दारावर जाऊन थापा मारायला लागला. "गाडी! मडम, गाडी!" ती नाइटगाउनवर कोट चढवून बाहेर आली. तिच्या गाडीत मागच्या सीटवर अण्णांनी माझा हात धरला होता. त्यांचा हात गार आणि खरबरीत होता, सोड्याने सोललेला. हॉस्पिटलात नर्सने दार लावून घेईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

नवरा लंडनहून बर्फातून पोचला तेव्हा मुलगी जन्मलेली होती. तिला पहिल्यांदा अण्णांनी घेतलं. मी पलंगावरून पाहिलं. त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं, दोन्ही हातांवर उजेडात धरलं आणि सावकाश फिरवून पाहिलं. कान, बोटं, टाचा. डाव्या अंगाने, उजव्या अंगाने. मग माझ्याकडे आणून दिली.

"ओके हाय," ते म्हणाले.

*

बाटल्या आम्ही नंतर भरल्या. मुलगी हुकाला टांगलेल्या आईच्या लुगड्यात झोपली होती आणि अण्णा एका हाताने तिला झोका देत दुसऱ्या हाताने बाटली नळीखाली धरत होते. तारेची झाकणं बसताना टक् असा आवाज यायचा. ती एकदाही दचकली नाही. प्रत्येक बाटलीत चिमूटभर साखर घातली होती, आत वायू धरायला. मग त्या पुन्हा काही दिवस ठेवायच्या होत्या. अण्णांनी तिकिटाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

बारसं झालं. अण्णा तेच धोतर नेसले. दोनदा धुऊनही ते चहाच्या रंगाचं राहिलं होतं. फोनवाल्या वहिनी पाया पडायला वाकल्या आणि वर येऊन म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या धोतराला बिस्किटांचा वास येतोय हो."

"कनडाचा साबण हाय," अण्णा म्हणाले.

अंगणातला बर्फ वितळून काळी माती दिसायला लागली तेव्हा पहिली बाटली उघडली. मी अंगावर पाजत होते, मला घ्यायची नव्हती. नवरा लंडनला होता. अण्णा पीत नव्हते. म्हणजे आमच्या बिअरची चव घ्यायला घरात कुणीच नव्हतं. मी शेजारणीला बोलावलं. ती खाली आली, बाटली हातात घेऊन तिने अंगठ्याने तार वर केली. फट्ट. बुचाकडे ती जरा वेळ पाहत राहिली.

"हा आवाज," ती म्हणाली.

तिने पेल्यात ओतली. फेस आला. प्यायली. पुन्हा प्यायली. आणि म्हणाली, पावासारखी आहे. द्रवरूप पाव. पण चांगली आहे. रविवारी चालेल अशी.

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी तिच्या हातून पेला घेतला, खिडकीकडे धरला. उजेड आरपार येईना. आमच्या मिक्सरने केलेलं सगळं पीठ त्यात तरंगत होतं, पिवळट, ढगाळ.

"लाईनीवर असती तर काढून ठेवली असती मी," ते म्हणाले. मग पेला नाकापाशी नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. करंगळी बुडवून जिभेला लावली. "कडू हाय," म्हणाले. "वास मात्र तोच."

शेजारीण तिचा पेला आणि आणखी दोन बाटल्या घेऊन गेली. मुलगी झोळीत कुरकुरली. अण्णा स्टुलावर बसले आणि त्यांनी दोरी धरली. मी रिकामी बाटली टबात धुवायला घेतली, कारण त्यांच्यासमोर बाटली तशीच ठेवायची माझी हिंमत नव्हती.

"तू झाकण दाबायचीस," ते मागून म्हणाले.

मी नळ बंद केला.

"पाइपातून वर न्हाणीपर्यंत आवाज यायचा. बुड बुड बुड. कुणी खाली उतरलं की जोरात, वर आलं की बंद. आयुष्यभर काय बघितलं मी? बाटलीत काय हाय, काय न्हाई, हेच ना?"

"मग बोलला का नाहीत?"

ते झोका देत राहिले. वर हुक बारीक करकरत होता.

"बोललो असतो तर जावं लागलं असतं," ते म्हणाले. "धू ती नीट. आणि पुढच्या खेपेला जावईबापूंना सांग, दुकानातच भरडून आणा."